वहिनीचा शालू कुठे गेला?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले. पणजोबांचा पगडीतला कृष्णधवल फोटो आणि आईबाबांचा १९८१ सालचा लग्नाचा रंगीत फोटो शेजारी-शेजारी पडले, तेव्हा आत्या म्हणाली, "आजोबांच्या कोटाची बटणं अजून मोजता येतात बघ. आणि वहिनीचा हिरवा शालू केवढा विटकरी झालाय!"

कृष्णधवल फोटोतला काळा रंग शाईचा नसतो, चांदीचा असतो. दागिन्यातली चांदी चकाकते. इथे ती केसांच्या गुंतवळासारखी बारीक असते, त्यात शिरलेला उजेड बाहेर पडत नाही, म्हणून काळी दिसते. कागदावर जिलेटिनचा थर, त्यात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या क्षारांचे कण. (जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. सोवळ्यातल्या पणजोबांना हे कोणी सांगितलं नसावं.) उजेड पडला की एकेका कणात चांदीचे जेमतेम चारेक अणू एकत्र येतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण विरजणाच्या थेंबावर पातेलंभर दूध लागावं, तसा डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं रसायन, त्या चार अणूंच्या जोरावर अख्खा कण, म्हणजे अब्जावधी अणू, चांदीत बदलतो. उरलेला क्षार हायपो नावाचं दुसरं रसायन विरघळवून टाकतं.

हा हायपो मात्र भरपूर पाण्याने धुऊन काढावा लागतो. त्यात गंधक असतं. तो कागदात राहिला तर चांदीची समई काळवंडते त्याच रसायनाने फोटो पिवळा-तपकिरी पडतो. पणजोबांचा डावा कोपरा तसा झालाय. कोणीतरी त्या दिवशी पाणी वाचवलं असणार.

रंगीत फोटोत शेवटी चांदी उरतच नाही, धुताना काढून टाकतात. उरतात तीन रंगद्रव्यं: निळसर, किरमिजी आणि पिवळं. त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचं निळसर द्रव्य कच्चं होतं. अल्बमात, अंधारातसुद्धा ते विरायचं, उष्म्यात आणि दमटपणात आणखी लवकर. लाल उजेड शोषणारं तेच, ते गेलं की लाल मोकाट सुटतो. शालूचा गडद हिरवा म्हणजे निळसर अधिक पिवळा, आणि थोडा किरमिजी. त्यातला निळसर गेला, उरला तो विटकरी.

सयाजीरावांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथेच छायाचित्रण शिकले. फोटो काढला की माणसाचं आयुष्य घटतं, अशी धास्ती तेव्हा पुष्कळांना होती. घटतं खरं, पण फोटोचं.

तिसरा फोटो आजीचा. तो काचेलाच चिकटलेला. पावसाळ्यात जिलेटिन ओलावा पिऊन फुगतं, चिकट होतं आणि काच धरून बसतं. आत्या नखाने कोपरा सोडवायला गेली, मी हात धरला. ओढलं तर आजीचा चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काचेसकट स्कॅन करून घेतला; थोडी चमक आली, चालेल.

रंगारी आला तेव्हा भिंतीवर तीन चौकोन उरले होते. बाकी भिंत खिडकीतल्या उन्हाने पांढुरकी पडलेली. फोटोंमागे मात्र जुना आकाशी रंग जसाच्या तसा. आत्याने रंगाऱ्याला तोच दाखवला, "हा द्या."