काळा डाग की उजळ डाग: लोहाचा प्रोब आणि गॅडोलिनियमचा प्रोब

प्रोब म्हणजे शरीरात सोडून प्रतिमेत जागा दाखवणारा कण. आयर्न ऑक्साइडचा नॅनोकण असो की गॅडोलिनियम हा धातू बसवलेला सिलिकाचा, त्यावर साय५.५ हा प्रकाश टाकल्यावर चमकणारा रंग चढवला की दोन्ही एमआरआयमध्ये दिसतात आणि कॅमेऱ्यातही. म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतील असे वाटते. ते चालत नाहीत.

टी१ आणि टी२ हे एमआरआयमधले दोन काळ: पहिला चुंबकन पूर्ववत होण्याचा, दुसरा संकेत विरण्याचा. लोह टी२ घटवते, जागा काळी पडते. गॅडोलिनियम मुख्यतः टी१ घटवते, जागा उजळते. काळ्या डागावर लगेच विश्वास ठेवू नये. जुना रक्तस्राव, हवा, कॅल्शियमचा साठा हेही टी२-स्टार प्रतिमेत (चुंबकक्षेत्रातली असमानता टिपणाऱ्या) काळेच दिसतात. इंजेक्शनआधीची प्रतिमा, प्राणी त्याच स्थितीत ठेवून, घेतलीच पाहिजे.

२००३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतील गाठीसाठी लोहाचाच कण वापरला: शस्त्रक्रियेआधी एमआरआय, शस्त्रक्रियेत कडा दाखवायला साय५.५. अशा कणावर डेक्स्ट्रानचे आवरण असते आणि त्यावरच्या अमाइन गटांना रंगाचा एनएचएस एस्टर (अमाइनशी जुळणारे रूप) जोडतात. रंग डीएमएसओ या द्रावकात, तोही कोरड्या, विरघळवा, बायकार्बोनेट बफर पीएच ८.३ ते ८.५ ठेवा, अंधारात तासभर हलवा. ट्रिस बफर नको. त्यातला अमाइनच रंग खाऊन टाकतो. रंग जास्त घातला म्हणून चमक वाढत नाही. रेणू दाटीवाटीने बसले की एकमेकांची चमक मारतात, आणि लोहाचा गाभाही ती शोषतो. कण गोठवू नका, गुठळ्या होतात; ४ अंश सेल्सिअसवर ठेवा.

गॅडोलिनियममध्ये काळजी वेगळी. सुटा आयन आकाराने कॅल्शियमसारखा, त्याच्या जागी शिरतो, म्हणून विषारी; तो चिलेटमध्ये, म्हणजे आयनाला घेरणाऱ्या रेणूत, घट्ट धरलेला हवा. प्रत्येक बॅच झायलेनॉल ऑरेंज या सूचक रंगाने तपासा, पीएच ५.८ च्या अॅसिटेट बफरमध्ये. पिवळा रंग जांभळट झाला तर सुटे आयन आहेत. ही तपासणी फॉस्फेट बफरमध्ये करू नये, कारण फॉस्फेट आयनला साक्यात बांधतो आणि निकाल फसवा येतो.

सुटा रंग मात्र दोन्हींत काढावा लागतो, सेफॅडेक्स जी-२५ च्या (आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या) स्तंभातून. राहिलाच तर तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतो, आणि एमआरआय एक जागा दाखवते, कॅमेरा दुसरी. आतड्यात चमक दिसली तर आधी खाद्य बघा: लसूणघासातले हरितद्रव्य साय५.५ च्याच पट्ट्यात चमकते. प्रयोगाच्या काही दिवस आधीच लसूणघासविरहित खाद्य सुरू करावे.