वारा अंगावर कोण घेणार?

चार मित्र ठरवतात, की एका चांगल्या कामासाठी निधी जमवायचा आणि त्यासाठी एका दिवसात दीडशे किलोमीटर सायकल चालवायची. चौघांतला एक रोज पळणारा, दोघं मध्यम, आणि एकाने गेली कित्येक वर्षं जिना सोडून लिफ्टच वापरलेली. अशा राइडमध्ये पहिला कोण आला याला अर्थ नसतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ३६ जणांनी कर्करोगावरच्या कामाला मदत म्हणून सुरू केलेली ‘पॅन-मास चॅलेंज’ आज खूप मोठी झाली आहे, पण ती शर्यत नाही हे आयोजक आवर्जून सांगतात. चौघांनी निघायचं आणि चौघांनी पोचायचं, एवढंच.

प्रत्यक्षात काय होतं? दोन-तीन रविवार सगळे उत्साहाने येतात. मग पळणारा पुढे निघून जातो, मधले दोघं त्याला गाठायच्या नादात दमतात, आणि चौथा एक दिवस पाहुणे आलेत म्हणून येत नाही, पुढच्या रविवारी गुडघा दुखतो म्हणून. त्याच्यात जिद्द नाही असं बाकीचे म्हणतात. मला ते पटत नाही. चौघांच्या ताकदीतली तफावत बऱ्याच अंशी भरून काढायला हवा एका पायावर तयार असते. गट तिला ते करू देत नाही.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद मुख्यतः दोन ठिकाणी जाते: टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणात, आणि समोरची हवा बाजूला सारण्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा, बसण्याची पद्धत साधारण. ताशी २० किलोमीटरला हवेसाठी सुमारे ४० वॉट लागतात आणि टायरसाठी २० च्या आसपास. तोच माणूस ३० च्या वेगाने निघाला तर टायरचा खर्च ३३ वॉटवर जातो, पण हवेचा थेट १४० वर. वेग दीडपट झाला, हवेचं बिल जवळजवळ साडेतीनपट. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल, तर २० च्या वेगालाही हवेसाठी ९० हून अधिक वॉट मोजावे लागतात. वारा अंगावर आला की जोर करून वेग टिकवायला जाऊ नये ते यासाठी.

आता दुसरा माणूस पहिल्याच्या मागे आणा. पुढच्याने हवा फाडलेली असते आणि त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा, घुसळलेल्या हवेचा पट्टा तयार होतो. मागच्याची सायकल त्या पट्ट्यातून जाते. चेस्टर काइल या अमेरिकी अभियंत्याने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार मागच्याला लागणारा हवेचा विरोध एक तृतीयांशाहून जास्त घटतो. मोठ्या घोळक्यात तर कमालच होते. बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात केला. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागातल्या स्वाराला एकट्याने चालवताना जेवढा विरोध होतो त्याच्या फक्त ५ ते १० टक्के विरोध होतो, असं त्यांना दिसलं. मागे कोणी असल्याचा थोडा फायदा पुढच्यालाही होतो, कारण त्याला मागे खेचणारी पोकळी अंशतः भरून निघते. हा फायदा दोन-तीन टक्क्यांचाच, पण मागचा माणूस फुकट्या आहे असं म्हणणाऱ्याला सांगायला पुरेसा.

चौघांचा हिशेब मांडू. ताशी ३० ला पुढच्याला १७३ वॉट लागतात, तर त्याच्या चाकामागे असलेल्याला साधारण १२०. हा १२० वॉटवाला एकटा निघाला असता तर २६ च्या वेगाने गेला असता. दीडशे किलोमीटरवर हा फरक पाऊण तासाचा होतो. म्हणजे ज्याचा दम ५० वॉटनी कमी आहे, तो पळणाऱ्या मित्राबरोबर दिवसभर गप्पा मारत जाऊ शकतो. अट एवढीच, की त्याने पुढे यायचं नाही, किंवा आलाच तर मिनिटभरासाठी. इथेच गट चुकतात. ‘सगळ्यांनी पाच-पाच मिनिटं पुढे राहायचं’ हा नियम समान वाटतो, म्हणून न्याय्य वाटतो. पण चौथा गडी त्या पाच मिनिटांत आपल्या मर्यादेच्या पार जातो आणि मग अर्धा तास त्याची भरपाई करत बसतो. ताकदवानाने दहा मिनिटं पुढे राहावं, मधल्यांनी चार-पाच, आणि चौथ्याने पाळी न घेताही कोणाचं उपकाराचं ओझं मानू नये.

मागे राहणंही शिकावं लागतं. फायद्यासाठी अगदी वीतभर अंतरावर चिकटायची गरज नसते. दोन मीटरवरही बराच आडोसा मिळतो, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाणं. चालती सायकल उभी राहते कारण ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण नकळत हँडल किंचित वळवतो आणि सायकल पुन्हा आपल्या खाली येते. हे सतत चालू असतं. चाकाला चाक घासलं की हँडल त्या बाजूला वळू शकत नाही, नेमका कलही बहुधा त्याच बाजूला असतो, आणि सावरायच्या आत माणूस आडवा होतो. पुढच्याला अनेकदा फक्त ‘खर्र’ असा आवाज येतो. पडतो तो मागचा.

दुसरी गोष्ट धक्क्यांची. पुढच्याने खड्डा पाहून हलका ब्रेक लावला, दुसऱ्याने ते पाहून जरा जास्त लावला, तिसऱ्याने आणखी. शेवटच्याचा वेग तीसवरून पंचवीसवर येतो आणि मग तो तुटलेलं अंतर भरायला जोर लावतो. ८० किलोला २५ वरून पुन्हा ३० वर चार सेकंदांत न्यायचं तर नेहमीच्या वर २०० वॉट जादा लागतात. तासाभरात असे चाळीस-पन्नास झटके बसले तर आडोशात वाचवलेल्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. हवेच्या हिशेबाने तिसऱ्या जागेला दुसरीपेक्षा किंचित जास्त आडोसा असतो. तरी मी चौथ्या गड्याला नेहमी दुसऱ्या जागेवर, सगळ्यांत स्थिर पाय असलेल्याच्या मागे ठेवीन. आणि खड्डा हाताने दाखवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

चढावर मात्र हवा काही मदत करत नाही. पाच टक्के चढावर ताशी १० च्या वेगाने जाताना गुरुत्वाकर्षणाला सुमारे ११० वॉट द्यावे लागतात आणि हवेला फक्त ५. आडोशात राहून वाचणार दोन वॉट. सपाटीवर झाकलेली सगळी तफावत इथे उघडी पडते, आणि ती झाकायचा प्रयत्न करू नये. प्रत्येकाने आपल्या गतीने चढावं, वर थांबावं. ताकदवानाचा खरा कस लागायला हीच जागा. सपाटीवर इतरांसाठी आवरता घेतलेला हात त्याने इथे सोडावा. एकच पथ्य: मागून चौथा पोचला की त्याच क्षणी ‘चला’ म्हणून निघायचं नाही, त्याचीही धाप बसू द्यायची.

सोबतीने माणूस जास्त रेटतो हे सायकलमुळेच विज्ञानाच्या नजरेत आलं. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा सोबत असलेल्यांच्या वेळा स्पष्टपणे चांगल्या होत्या. त्यात आडोशाचा वाटा होताच, पण मनाचाही असावा असं वाटून त्यांनी मुलांवर वेगळा प्रयोगही केला. पुढे १९२० च्या दशकात ओटो कोलर यांनी बर्लिनमधल्या वल्हेकऱ्यांना आधी एकट्याने आणि मग जोडीने वजन उचलायला लावलं. जोडीला वजन दुप्पट, आणि एकाने सोडलं की खेळ संपला. जोडीतला कमी ताकदीचा गडी एकटा असताना जितका टिकला होता त्याहून जास्त वेळ टिकला. यात एक बारकावा आहे: हा परिणाम दोघांच्या ताकदीत मध्यम अंतर असताना सर्वाधिक दिसला. फार कमी अंतर असेल तर ईर्ष्या उरत नाही, फार जास्त असेल तर आशा उरत नाही. चौथा रविवारी का येत नाही याचं उत्तर मला इथे दिसतं. हवेने त्याचं अंतर ‘मध्यम’ करून दिलं, तर हेच मानसशास्त्र त्याच्या बाजूने काम करू लागतं.

शरीराकडे वळू. चौघं एकाच वेगाने गेले तरी चौघांचा सराव एक नसतो. एकाची निवांत राइड ही दुसऱ्याची जिवावर उदार होऊन केलेली राइड असते. लांब अंतराच्या तयारीत बहुतेक वेळ निवांतच जायला हवा, कारण तिथे जे बदल हवे असतात ते स्नायूंच्या पेशींत हळूहळू होतात. जॉन होलोसी यांनी १९६७ साली उंदरांना आठवडेच्या आठवडे पळवून दाखवलं, की स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांची (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांची) ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट होते. त्या क्षमतेवरच चरबी जाळत तासन्‌तास चालत राहणं अवलंबून असतं. निवांतपणा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. श्वसनाचा वेग ज्या उंबरठ्यावर एकदम वाढतो, त्याच्या खाली माणूस पूर्ण वाक्यं बोलू शकतो. मित्रांच्या गटाला ही सोय आपोआप मिळते. विनोद सांगणारा शेवटची ओळ न सांगताच गप्प झाला, किंवा प्रश्नाला नुसतं ‘हं’ आलं, की वेग दोन किलोमीटरनी उतरवायचा. हे काम पुढच्याचं नाही, त्याला मागचं दिसत नाही. मधल्या कोणीतरी ओरडून सांगावं.

उंबरठ्यावर चालणारा माणूस चरबीपेक्षा कर्बोदकं जास्त जाळतो, आणि त्यांचा साठा मर्यादित असतो. हा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो: स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम, यकृतात शंभरेक. सगळं मिळून साधारण दोन हजार किलोकॅलरी. ग्लायकोजेनचं गणित उलगडलं तेही सायकलवर, आणि तेही दोन सहकाऱ्यांनी मिळून. १९६६ साली योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोन स्वीडिश वैद्यक एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाचा डावा पाय, दुसऱ्याचा उजवा. दुसरा पाय स्वस्थ. थकून थांबेपर्यंत पेडल मारलं आणि सुईने दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे तुकडे काढून तपासले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं, स्वस्थ पायात होतं तसंच. पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर राबलेल्या पायात साठा परत आलाच, वर दुसऱ्या पायाच्या दुप्पट झाला.

साठा संपला की पाय शिसासारखे होतात, डोकं चालेनासं होतं, आणि माणूस चिडतो. त्यामुळे दीड तासाहून लांब राइडमध्ये पहिल्या अर्ध्या तासापासूनच तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. ग्लुकोज आतड्यातून एका वाहक प्रथिनामार्फत आत जातं आणि तो मार्ग तासाला साठेक ग्रॅमला भरतो. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा, म्हणून दोन्ही मिळून सराव झालेलं पोट ९० ग्रॅमपर्यंत पेलतं. साध्या साखरेत दोन्ही निम्मी-निम्मी असतात. चौघांतला जो आपल्या उंबरठ्याच्या सर्वांत जवळ चालतोय त्याचा साठा सर्वांत आधी संपणार, तेव्हा खाण्यासाठी कधी थांबायचं हे त्याच्या घड्याळाने ठरवावं.

पाण्याचं थोडं उलटं आहे. पेडलवर १५० वॉट पोचवताना शरीर साडेचारशे ते सहाशे वॉट उष्णता तयार करतं. ती नुसत्या घामाने घालवायची तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम लागतो. म्हणून लोक धास्तीने पाणी पीत सुटतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलं होतं. त्यांत शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलेले, आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारे जास्त होते. हळू जाणाऱ्याला प्यायला सवडही जास्त मिळते. तहान लागली की प्यावं, लांब राइडमध्ये मीठही असावं.

राहता राहिले शेवटचे दोन आठवडे. २००७ साली लॉरां बोस्के आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरावाचं एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करणं, पण आठवड्यातल्या राइडची संख्या आणि जोर तसाच ठेवणं सर्वांत फायद्याचं दिसलं. एकट्याला हे जमतं. गटात मात्र ऐन शेवटच्या रविवारी ‘एकदा पूर्ण अंतर मारून बघू’ म्हणणारा कोणीतरी निघतोच, आणि तो बहुधा पळणारा असतो. पूर्ण अंतर मारायचंच तर ते तीन आठवडे आधी. त्या दिवशी पाळ्या, खाण्याचे थांबे आणि चढावरची वाट पाहणं हे सगळं खऱ्या दिवसासारखंच ठेवावं, आणि समोरून वारा असेल तर दिवस वाया गेला म्हणून घरी बसू नये.