वॉकिंग सिम्युलेटर (व्हिडिओ गेमचा एक प्रकार)

वॉकिंग सिम्युलेटर म्हणजे असे व्हिडिओ गेम्स ज्यात चालणं, बघणं आणि ऐकणं हेच मुख्य काम असतं. मारामारी नसते, मरून परत पहिल्यापासून सुरुवात करायची भानगड नसते, स्कोअरही नसतो. एखाद्या बेटावर, जंगलात किंवा बंद पडलेल्या घरात आपण फिरत राहतो आणि तिथे आधी काय घडून गेलंय ते पत्रं, कॅसेट, भिंतीवरचे फोटो, रेडिओवरचा आवाज असं एकेक सापडत सापडत जुळवत जातो. नाव सुरुवातीला हिणवण्यासाठीच वापरलं जायचं, आता मात्र स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम्स विकणारं ऑनलाइन दुकान) तो साधा टॅग आहे आणि लोक मुद्दाम तो टॅग शोधून गेम्स विकत घेतात.

या प्रकाराची सगळी मजा आणि सगळ्या अडचणी एकाच गोष्टीत आहेत असं माझं ठाम मत आहे, ती म्हणजे या जागांमध्ये माणूस नसतो. त्याबद्दल खाली सविस्तर येईलच.

सुरुवात कुठून झाली

आडवळणाने बघितलं तर १९९३ च्या मिस्टपर्यंत मागे जाता येतं, तेही निर्मनुष्य बेटच होतं, पण त्यात कोडी सोडवल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. बेल्जियममधल्या टेल ऑफ टेल्स या दोघांच्या स्टुडिओने २००८ मध्ये द ग्रेव्हयार्ड काढला, त्यात एक म्हातारी बाई स्मशानभूमीतून हळूहळू चालत बाकापर्यंत जाते, बसते, गाणं ऐकते आणि परत येते, बस. पण ज्याच्यापासून हा प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला असं बहुतेक जण मानतात तो म्हणजे डिअर एस्थर.

डिअर एस्थर आधी विकायचा गेम नव्हताच. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात शिकवणाऱ्या डॅन पिंचबेकने संशोधनाचा भाग म्हणून २००८ मध्ये तो हाफ-लाइफ २ या शूटर (गोळ्या झाडायच्या) गेमचा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेली आवृत्ती, म्हणून बनवला आणि फुकट दिला. प्रश्न अगदी साधा होता, की शूटर गेममधून शूटिंगच काढून टाकलं, नुसती जागा आणि एक आवाज ठेवला, तर माणूस खेळत राहील का? उत्तर हो आलं. मग मिरर्स एज या गेमवर काम केलेल्या रॉबर्ट ब्रिस्को या आर्टिस्टने सगळं बेट नव्याने उभं केलं, जेसिका करीने संगीत केलं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो पैसे घेऊन विकायला आला. गुंतवलेला पैसा सहा तासांच्या आत वसूल झाला. जेमतेम दीड तासाचा, ज्यात उडी मारता येत नाही, पळता येत नाही, साधं दारही हाताने उघडता येत नाही असा गेम इतका खपेल असं तोपर्यंत फार कोणाला वाटलं नव्हतं.

हे बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या हेब्रिडीज बेटांपैकी एक आहे असं मानून बनवलंय. वारा, गवत, पडक्या झोपड्या, किनाऱ्यावर फुटलेली जहाजं, आणि एक माणूस एस्थर नावाच्या बाईला लिहिलेली पत्रं मधूनमधून वाचतो. यातली खरी गंमत अशी की कुठल्या ठिकाणी कुठला तुकडा ऐकू येणार हे गेम दर वेळी काही पर्यायांतून स्वतःच निवडतो, त्यामुळे दोन जणांनी खेळून नंतर बोलायला बसलं तर दोघांच्या कानावर पडलेली गोष्ट तंतोतंत सारखी नसते, आणि कोण कोणाचा कोण होता यावर वाद घालायला भरपूर जागा उरते. दूर डोंगरावर रेडिओच्या टॉवरचा लाल दिवा लुकलुकत असतो, तो बऱ्याच ठिकाणांहून दिसतो. नकाशा नाही, बाण नाही, कोणी सांगत नाही, तरी पाय आपोआप त्या दिव्याकडे वळतात. वाट दाखवायची याहून सुंदर पद्धत मी तरी कमी गेम्समध्ये बघितलीय.

रिकाम्या घराची ओढ

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या फुलब्राइट कंपनीचा गॉन होम आला. बनवणाऱ्यांतले तिघे आधी बायोशॉक २ या शूटर गेमच्या मिनर्व्हाज डेन या जोडभागावर काम केलेले होते, म्हणजे हीसुद्धा शूटरमधूनच बाहेर पडलेली माणसं. १९९५ चा जून महिना, वादळी रात्र, केटी नावाची मुलगी युरोपातून घरी परत येते आणि घरात कोणीच नाही, दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी. गावाकडचं बरेच महिने बंद असलेलं घर उघडून आत शिरल्यावर आपण जसं आवाज न करता एकेका खोलीत डोकावतो, अगदी तसं चालायला हा गेम लावतो. प्रत्येक वस्तू उचलून उलटीपालटी करून बघता येते, ड्रॉवर उघडता येतात, कॅसेट लावता येते. विजा चमकत असतात, दिवे फडफडतात, त्यामुळे आता भूत येणार आता भूत येणार असं वाटत राहतं आणि भूत येत नाहीच, येते ती एका टीनएज मुलीच्या प्रेमाची, घरच्यांना सांगता न आलेली गोष्ट. आईवडिलांची कहाणी तर कोणी सांगतच नाही, ती ऑफिसच्या कागदांतून, न खपलेल्या पुस्तकांच्या खोक्यांमधून, तळघरातल्या सामानावरून आपली आपणच जुळवायची असते, आणि नीट न बघता धावत सुटलेल्या माणसाला ती कळतही नाही.

या पद्धतीला अभ्यासक जागेतून गोष्ट सांगणं म्हणतात. हेन्री जेन्किन्सने २००४ मध्ये यावर लिहिलं तेव्हा त्याने थीम पार्क डिझाइन करणाऱ्यांचा आधार घेतला होता, कारण पाहुणा आत चालत असताना भिंती, पुतळे, तुटलेलं दार यांनीच त्याला काय झालंय ते सांगायचं ही कला त्यांची. वॉकिंग सिम्युलेटरने तीच कला घेतली, फक्त पाहुण्याला गाडीत बसवायच्या ऐवजी चालायला सोडलं.

आता माणसांचा मुद्दा. डिअर एस्थरचं बेट ओसाड, गॉन होमचं घर रिकामं, फायरवॉचमधली बाई फक्त वॉकी-टॉकीवर, एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चरमधलं अख्खं गाव नाहीसं झालेलं आणि गावकरी फक्त प्रकाशाच्या आकृत्या म्हणून दिसतात. हा योगायोग नाही. चालतीबोलती, चेहऱ्यावर भाव असलेली थ्रीडी माणसं बनवणं खूप महाग पडतं, आणि हे गेम्स बनवणाऱ्या टीम छोट्या, कधी चार जणांच्या कधी दहा जणांच्या. खोली, टेबल, पत्र, आवाज हे त्यांच्या आवाक्यातलं. तेव्हा माणूस दाखवायचाच नाही आणि तो का नाही हीच गोष्ट करायची, असं त्यांनी केलं. पैशाच्या अडचणीतून या प्रकाराची खास चव तयार झाली, कारण जागेत माणूस नसला की त्याने मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू बोलायला लागते, अर्धवट प्यायलेला कपसुद्धा.

आवाजाचा वाटा यात फार मोठा आहे आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. रॅप्चरसाठी जेसिका करीने केलेलं कोरसचं संगीत आपण कुठे आहोत, काय सापडलंय त्याप्रमाणे उलगडत जातं, आणि २०१६ च्या बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांमध्ये त्या गेमला संगीत, ध्वनी आणि अभिनय अशी तीन बक्षिसं मिळाली. एड की आणि डेव्हिड कनागा यांच्या प्रोटियस या गेममध्ये तर गोष्ट जवळपास नाहीच, दर वेळी नवीन तयार होणारं एक बेट, चार ऋतू, आणि झाडं, बेडूक, दगड सगळ्यांना स्वतःचा सूर, तुम्ही जिकडे चालाल तसं गाणं बदलतं. हेडफोन न लावता हे गेम खेळणं म्हणजे अर्धा गेम सोडून देणं.

फायरवॉच

हा फेब्रुवारी २०१६ चा गेम वेगळा काढून सांगावासा वाटतो, कारण त्याने रिकाम्या जागेत बोलणं आणलं. कॅम्पो सँटो या स्टुडिओचा. १९८९ चा उन्हाळा, वायोमिंगमधलं शोशोनी नॅशनल फॉरेस्ट, आदल्याच वर्षी शेजारच्या यलोस्टोनमध्ये प्रचंड वणवे लागून गेलेले, आणि हेन्री नावाचा माणूस घरातलं दुःख मागे टाकून वणव्यावर नजर ठेवायच्या टेहळणी मनोऱ्यावर नोकरीला येतो. दुसऱ्या मनोऱ्यावरची डिलाइला त्याची साहेब. ती बोलते, आपल्याला दोनतीन उत्तरं दिसतात, वेळ मोजका असतो, आणि काहीच बोललो नाही तर तेही उत्तर धरलं जातं. नकाशा आणि होकायंत्र खरोखर हातात धरून वाट काढायची. ऑली मॉस या आर्टिस्टने रंग असे लावलेत, संध्याकाळचा नारिंगी आणि धुराचा करडा, की चालता चालता लोक थांबून उभे राहतात. पहिल्या महिन्यातच पाच लाख प्रती गेल्या.

शेवट मात्र बऱ्याच जणांना पटला नाही. अख्खा गेम काहीतरी मोठं कारस्थान आहे अशी शंका वाढवत नेतो आणि शेवटी उत्तर अगदी साधं, माणसाच्या दुबळेपणाचं निघतं. मला तो शेवट बरोबर वाटतो, पण रागावलेल्यांचंही चूक नाही, कारण आपण काय बोललो याने नातं रंगतं, गोष्ट मात्र हलत नाही.

कुठे अडतं

आणि इथेच या प्रकाराची मर्यादा आहे. जागा आपल्याला सगळं दाखवते, आपल्याकडे बघत मात्र नाही. रॅप्चरमध्ये इंग्लंडच्या श्रॉपशरमधलं १९८४ चं गाव, त्यातली पब, टेलिफोनचे लाल बूथ, शेतं इतकी खरी वाटतात की दार ढकलून आत जावंसं वाटतं, आणि असंख्य दारं बंद, वस्तूंना हात लावता येत नाही, जे घडलं ते आधीच घडून गेलंय. आपण फक्त उशिरा आलेले श्रोते. चांगल्या गेममध्ये या असहायतेलाच अर्थ येतो, सुमार गेममध्ये एका आवाजाच्या रेकॉर्डिंगपासून दुसऱ्या रेकॉर्डिंगपर्यंत चालत जाणं एवढंच उरतं, आणि मग खरंच प्रश्न पडतो की हे ऑडिओबुक का नव्हतं.

चालायचा वेग ही दुसरी डोकेदुखी. खऱ्या चालण्यात पायाला जमीन लागते, वारा लागतो, डोळ्यांच्या कडेनेही दिसतं, म्हणून हळू चाललो तरी कंटाळा येत नाही. स्क्रीनवर ह्यातलं काहीच नाही, त्यामुळे माणसाच्या खऱ्या वेगाने चालवलं तर गोगलगायीसारखं वाटतं. रॅप्चरवर सगळ्यात जास्त टीका याचीच झाली, आणि नंतर स्टुडिओनेच सांगितलं की प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं आर२ बटण दाबून ठेवलं की वेग हळूहळू वाढतो, हे गेममध्ये कुठे लिहिलंच गेलं नव्हतं. त्यात अरुंद दृष्टिक्षेत्र (एका वेळी स्क्रीनवर किती रुंद दिसतं ते, इंग्रजीत फील्ड ऑफ व्ह्यू) आणि चालताना हलणारा कॅमेरा यामुळे काही जणांना गरगरतं, मळमळतं, त्यांनी आधी सेटिंगमध्ये जाऊन दृष्टिक्षेत्र रुंद करावं आणि कॅमेऱ्याचं हलणं बंद करावं, जिथे तशी सोय आहे तिथे फरक नक्की पडतो.

पैशाचा वाद तर कायमचा. दोनतीन तासांत संपणाऱ्या गेमला वीस डॉलर का द्यायचे, हा प्रश्न गॉन होमपासून विचारला जातोय. जून २०१५ मध्ये स्टीमने रिफंड सुरू केला, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. खेळणाऱ्यांसाठी चांगलीच गोष्ट, पण दीड तासाचा गेम पूर्ण खेळून परत करता येतो, म्हणजे लहान गेम बनवणाऱ्यालाच फटका. त्याच वर्षी टेल ऑफ टेल्सने त्यांच्या सनसेट या गेमच्या जेमतेम चार हजार प्रती खपल्यावर विक्रीसाठी गेम बनवणं सोडलं. आपल्याकडे तर बहुतेकांचं खेळणं फोनवर आणि फुकटच्या गेमवर चालतं, त्यामुळे एकदाच खेळायच्या गेमला पैसे मोजणं जडच जातं, शिवाय यात वाचायचं आणि ऐकायचं भरपूर, तेही इंग्रजीत, कधी हाताने लिहिलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरात, म्हणून सबटायटल चालू ठेवलेली बरी.

'हा गेमच नाही' या भांडणात इथे फार वेळ घालवायला नको, २०१४ च्या आसपास ते इंटरनेटवर फार विखारी झालं होतं आणि हाती काही लागलं नाही. इयन बोगोस्ट या अभ्यासकाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. २०१७ मध्ये त्याने मांडलं की गोष्ट सांगण्यात गेम कायम सिनेमा आणि पुस्तकांच्या मागेच राहणार, तेव्हा गेमने तो नादच सोडावा. निमित्त होतं व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंचचं, आणि माझ्या मते त्या आक्षेपाला सगळ्यात चांगलं उत्तरही तोच गेम आहे.

एडिथ फिंच जायंट स्पॅरो स्टुडिओचा, एप्रिल २०१७ चा. वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरचं घर, त्या घराण्यातले लोक एकामागून एक अकाली गेलेले आणि प्रत्येकाची खोली तशीच बंद ठेवलेली. यात लुइस नावाच्या मुलाचा भाग आहे, तो मासळीच्या कारखान्यात कामाला असतो. एका हाताने मासा ओढायचा, डोकं छाटायचं, पुढे ढकलायचं, परत मासा, आणि दुसऱ्या हाताने त्याच वेळी त्याच्या मनातल्या राज्यात एका राजाला चालवायचं. हळूहळू ते राज्य स्क्रीनभर पसरतं आणि माशाचं काम आपला हात न बघता करत राहतो. लुइसचं मन कामातून कसं निसटलं हे आपल्याला कोणी सांगत नाही, ते आपल्याच हाताला कळतं, आणि हे सिनेमात किंवा पुस्तकात असं करता आलं नसतं. २०१८ च्या बाफ्टामध्ये हा सर्वोत्कृष्ट गेम ठरला.

नंतर

डिअर एस्थर आणि रॅप्चर बनवणाऱ्या द चायनीज रूमने २०१७ मध्ये टीम कमी केली आणि २०१८ मध्ये स्टुडिओ सुमो डिजिटल या कंपनीकडे गेला, त्याच वर्षी कॅम्पो सँटो स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने घेतला. प्रकार मात्र मोठ्या गेम्समध्ये झिरपला. असॅसिन्स क्रीड ओरिजिन्सने २०१८ मध्ये लढाई पूर्ण काढून प्राचीन इजिप्तमध्ये नुसतं फिरायची सोय दिली, आणि २०१९ च्या डेथ स्ट्रँडिंगने तोल सांभाळत, पाठीवर ओझं घेऊन चालणं हेच आव्हान बनवलं, म्हणजे जमीनच उलट उत्तर द्यायला लागली. नव्याने खेळणाऱ्याने एडिथ फिंचपासून सुरुवात करावी, तो आयफोन-आयपॅडवरही आहे, मग फायरवॉच, आणि डिअर एस्थर एखाद्या मोकळ्या रात्री, मध्ये न उठता.