डार्क चॉकलेटमध्ये दूध नसतंच?

दूध आणि सोया वर्ज्य असलेल्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "डार्क चॉकलेट खा, त्यात दूध नसतं." हा समज धोक्याचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या, घटकांच्या यादीत दूध नसलेल्या ८८ डार्क चॉकलेटांपैकी ५१ मध्ये दूध सापडलं. बरेचदा त्याच यंत्रांवर आधी मिल्क चॉकलेट बनलेलं असतं. ॲलर्जी असेल, तर वेष्टनावरची 'दुधाचा अंश असू शकतो' ही सूचना हलक्यात घेऊ नका, कृपा करून. सोया तर अनेकदा लेसिथिनच्या, म्हणजे चॉकलेट एकजीव ठेवणाऱ्या पदार्थाच्या, रूपात मुद्दामच घातलेलं असतं. सूर्यफुलाचं लेसिथिन वेगळं, ते सोयाचं नसतं. कोको बटर मात्र दुधाचं नव्हे, कोकोच्या बियांचंच. गोडाची तलफ आली, तर पिकलेली केळी गोठवून खजुरासोबत मिक्सरमधून काढा. आइस्क्रीमसारखी मऊ होतात.