आमचे दीडशे युनिट कुठं गेले?
घरावर सोलर बसवलेल्या आणि बसवू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

एप्रिलचं बिल घरोघरी पोचलं की आमच्या दुकानातला फोन खाली ठेवायची सोय राहत नाही. बोलणारा माणूस दर वेळी वेगळा, प्रश्न मात्र तोच. "इन्व्हर्टर म्हणतो ३९० युनिट तयार झाले, बिलात जमा दिसतात २४०. भाऊ, मना दीडशे युनिट कथा गयात?" कुणाचा संशय मीटरवर, कुणाचा लाइनमनवर. एका आप्पांनी तर शेजाऱ्याशी बोलणंच बंद केलं होतं. मग आमचा मुलगा गाडी काढतो, वीस-पंचवीस किलोमीटर उन्हात जातो, गच्चीवर चढतो, सगळं जागच्या जागी असल्याचं बघतो, चहा पितो आणि परत येतो. तोवर ज्याच्या घरी खरोखर बिघाड झालाय तो ताटकळतो. म्हणून हे पत्रक.

ते दीडशे युनिट कुठंही गेलेले नाहीत. तुमच्याच घरात वापरले गेलेत.

गच्चीवर तयार झालेली वीज इन्व्हर्टरमधून (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) आधी तुमच्या बोर्डात येते. त्या क्षणी चालू असलेला फ्रीज, कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर यांचं भागवून जे उरतं तेवढंच बाहेर लाइनवर जातं. नेट मीटर बसलाय घराच्या वेशीवर. वेशीबाहेर काय गेलं आणि बाहेरून आत काय आलं, एवढंच तो मोजतो. आतल्या आत तयार होऊन आतच संपलेली वीज त्याला दिसतच नाही. रावेर-यावलकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं: घरच्यांसाठी काढून ठेवलेला केळीचा घड वजनकाट्यावर चढत नाही. काट्याच्या पावतीवर तो नाही म्हणून कुणी चोरी झाली म्हणत नाही.

आता पूर्ण हिशोब करू. तीन किलोवॉटचं सोलर, महिना एप्रिल. इन्व्हर्टरने दाखवलेली निर्मिती ३९०. मीटरवर एक्सपोर्ट म्हणजे बाहेर गेलेले २४०. म्हणजे दिवसा घरात थेट वापरले १५०. मीटरवर इंपोर्ट म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत आणि ढगाळ वेळी बाहेरून घेतलेले ३३०. इंपोर्टमधून एक्सपोर्ट वजा केले की उरले ९०. तेवढ्या युनिटचं बिल आलं आणि घरात वाद सुरू झाला की सोलर लावून उपयोग काय.

पण घराचा खरा वापर किती झाला ते बघा: थेट वापरलेले १५० आणि बाहेरून घेतलेले ३३०, एकूण ४८०. आता मागच्या वर्षीचं एप्रिलचं बिल काढा. (ते ठेवलेलं नसतं, हे आम्हाला माहीत आहे. तरी शोधा.) त्यावर समजा ३१० आहेत. म्हणजे सोलर नीट चाललं, वापरच १७० युनिटनी वाढला. विचारलं की आधी कुणी कबूल करत नाही. मग आतून वहिनींचा आवाज येतो, "तो बेडरूममधला एसी मार्चमध्येच घेतला ना." दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर पाच-सहा युनिट सहज खातो, आणि तेही सूर्य नसताना. "आता काय, लाइट फुकट आहे" म्हणून घेतलेल्या एसीने सोलरला बदनाम केल्याची प्रकरणं आमच्याकडे खऱ्या बिघाडांपेक्षा जास्त येतात.

एप्रिललाच सगळ्यांना धक्का बसण्याचं आणखी एक कारण आहे. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यासाठी खात्यात जमा राहतात, पण ३१ मार्चला ते खातं बंद होतं. हिवाळ्यात पंखे बंद असताना साठलेली शिल्लक तिथे निकाली निघते. शिल्लक युनिटचे पैसे मिळतात, पण तुम्ही वीज ज्या दराने घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. १ एप्रिलला पाटी कोरी, आणि आपल्याकडे नेमकी त्याच वेळी उन्हाची भट्टी पेटलेली. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर लावून "वीज विकून कमाई" करायचं कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करा. दोन किलोवॉटमध्ये भागणाऱ्या घराला पाच किलोवॉट विकणं आम्हालाही जमतं. आम्ही विकत नाही, कारण दोन वर्षांनी त्याच घरातला माणूस बाजारात भेटतो.

फोन करण्याआधी

चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. मोबाइलमधलं ॲप १ तारखेपासून ३० तारखेपर्यंत मोजतं. मीटरचं रीडिंग समजा १२ तारखेला होतं. हे दोन वेगळे महिने एकमेकांसमोर ठेवून माणूस भांडायला बसतो. दुसरं, मीटरच्या स्क्रीनवरचा आकडा बसवल्या दिवसापासूनचा एकूण असतो, त्या महिन्याचा नसतो. मागच्या महिन्याचा आकडा त्यातून वजा करावा लागतो. गेल्या वर्षी एका काकांनी "तीन हजार युनिट गेले, बिल कशाचं?" म्हणून आमच्याशी अर्धा तास हुज्जत घातली. तो अकरा महिन्यांचा एकूण आकडा होता.

यावर उपाय वहीचा. काम पूर्ण झाल्यावर आम्ही इन्व्हर्टरशेजारी खिळ्याला एक लहान वही आणि दोरीला पेन बांधून जातो. बऱ्याच घरांत त्या वहीत आता दुधाचा हिशोब असतो. तर कृपा करून, बिलावर जी रीडिंगची तारीख असते त्या दिवशी सकाळी तीन आकडे लिहा: इन्व्हर्टरवरचे एकूण युनिट, मीटरवरचा इंपोर्ट, मीटरवरचा एक्सपोर्ट. मीटरची स्क्रीन आपोआप एकेक आकडा बदलत जाते, दोन मिनिटं समोर उभं राहिलात की दोन्ही दिसतात. चष्मा लावून मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल. हे तीन आकडे फोनवर सांगितलेत तर दहापैकी नऊ वेळा आम्ही खुर्चीवरून न उठता उत्तर देतो. आकडे नसताना केलेल्या फेरीचे आम्ही पैसे घेतो, यावर काही जण नाराज आहेत. पण इन्व्हर्टरवर लाल दिवा असेल, वास येत असेल, किंवा स्वच्छ उन्हात निर्मिती शून्य असेल तर आकडे-बिकडे काही नको, लगेच फोन करा. त्या फेरीचे पैसे नाहीत.

पण मुळात परवडतं का?

पारावर हा वाद अजून चालतो. एक बाजू म्हणते सोलर म्हणजे सरकारी अनुदानावरचा नाद, दुसरी म्हणते आता वीज फुकटच. आम्ही हाच धंदा करतो, तरी दोन्ही बाजूंना थोडं थोडं चूक म्हणू.

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०० आणि ५०० च्या पुढे आणखी महाग. सोलर आधी वरचे, महागडे युनिट खातं. त्यामुळे ज्याचं बिल तीनशेच्या पुढे जातं त्याचे पैसे आमच्या अनुभवात चार ते सहा वर्षांत वसूल होतात. ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, महिना सत्तर-ऐंशी युनिट, त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो. पैसे बँकेत ठेवा म्हणतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान मिळतं. ते तुमच्या खात्यावर जमा होतं, आमच्या नाही. म्हणून "ते वजा करून बाकीचे घ्या" ही बोलणी नकोत. आणि लाइटबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. बिल पूर्ण शून्य होत नाही, स्थिर आकार दर महिन्याला येतोच.

"पॅनल बनवायलाच इतकी वीज लागते की फायदा कसला" असंही ऐकतो. पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा ते साधारण एक-दोन वर्षांत परत देतं आणि पुढे पंचवीस वर्षं चालतं, दर वर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट धरून. पण दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्या: रात्रीचा तुमचा एसी सूर्यावर चालत नाही. तेव्हा जी वीज येते ती बरीचशी कोळशाची, भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या केंद्रांतली. लाइन तुमच्यासाठी बँकेसारखी काम करते म्हणून हिशोब जमतो. पावसाळ्यात आपली निर्मिती घटते, त्याच दिवसांत साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या जोरात असतात. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. म्हणजे खान्देशाला हे नवं नाही, फक्त घराच्या गच्चीवर यायला वेळ लागला.

उलटी वाटेल अशी एक गोष्ट. जळगाव-भुसावळचं पंचेचाळीस अंशांचं ऊन सोलरला फार मानवत नाही. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. कंपनी जी क्षमता लिहिते ती पॅनल २५ अंशांवर असतानाची. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि प्रत्येक जादा अंशाला साधारण ०.३५ टक्के क्षमता घटते. ही घट आणि धूळ, वायर, इन्व्हर्टर यांतली थोडी घट मिळून मेच्या दुपारी तीन किलोवॉटचं सोलर २३००-२४०० वॅट दाखवतं. बिघाड नाही. यासाठीच आम्ही स्ट्रक्चर गच्चीपासून उंच घेतो, खालून वारा खेळतो. त्याचा खर्च जास्त येतो आणि "अमक्याने कमी सांगितलं" हे आम्हाला ऐकावं लागतं. अमक्याने पॅनल गच्चीला जवळजवळ चिकटवलंय. शिवाय उंच स्ट्रक्चरखाली कुरडया-पापड वाळत घालायला आणि उन्हाळ्यात अंथरुणं टाकायला जागा राहते, त्यामुळे घरातल्या बायकांचा विरोध मावळतो. पाइप गॅल्व्हनाइज्ड आणि पाया काँक्रीटचा का, ते मे-जूनचं केळी आडवी पाडणारं वादळ ज्याने पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही.

लाइट गेल्यावर सोलर का बंद पडतं, हाही रोजचाच प्रश्न. ऑन-ग्रिड म्हणजे बॅटरीविना, लाइनला जोडून चालणारा इन्व्हर्टर लाइन मेल्याबरोबर स्वतः थांबतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. लाइट गेल्यावरही वीज हवी तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. आम्ही तेही बसवतो, पण बॅटरीची किंमत आणि काही वर्षांनी ती बदलायचा खर्च धरला तर फक्त दवाखाना, दुकान, किंवा घरात आजारी माणूस असेल तरच घ्या असं सांगतो.

धुण्याबद्दल थोडक्यात: बोअरचं क्षाराचं पाणी नको, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी तर अजिबात नको, काच तडकू शकते. सकाळी लवकर, मऊ पुसणीने, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. पॅनलवर काही वाळत घालू नका. एका घरी निर्मिती अचानक घटली म्हणून गेलो तर खालच्या ओळीवर गोधडी पसरलेली. पॅनल एकामागे एक ओळीने जोडलेले असतात, एकावर सावली पडली की पूर्ण ओळीला त्रास होतो. पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी यांची सावली बसवण्याआधी आम्ही सकाळ-दुपार येऊन बघतो ती याचसाठी.

नवीन जोडणीसाठी येणार असाल तर मागच्या बारा महिन्यांची बिलं आणि गच्चीचा फोटो घेऊन या. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. बघून आम्ही आकडा सांगू, कधी "लावू नका" असंही सांगू. जुन्या ग्राहकांनी वही भरली असेल तर दुकानातून कोरी न्या, गठ्ठाच ठेवलाय. दुधाच्या हिशोबासाठी वेगळी मागा, तीही देऊ.