गजकर्णाचं मलम: गोवा पावडर ते तीन औषधांची ट्यूब

पावसाळा लागला की त्वचारोगतज्ज्ञांकडची रांग वाढते. कमरेच्या नाडीखाली, जांघेत, काखेत गोल चट्टे. कडा लाल आणि उंच, मधला भाग जरा निवळलेला. पूर्वी हे गजकर्ण दोन-चार आठवड्यांच्या मलमाने जायचं. आता महिनोन्‌महिने हटत नाही, घरातल्या चौघांना होतं, आणि डॉक्टर तपासण्याआधीच विचारतात, "आजवर काय काय लावलंत? ट्यूब घेऊन या." या प्रश्नामागे बराच इतिहास आहे.

सुरुवात टाकळ्यापासून करू. पहिल्या पावसात रस्त्याकडेला माजणाऱ्या या झाडाची कोवळी पानं आपण भाजीसाठी खुडतो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, आणि दद्रुघ्नही. दद्रु म्हणजे गजकर्ण, म्हणजे झाडाचं काम नावातच आलं. त्याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून चट्ट्यावर लावायची रीत जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात याच दुखण्यावर आणखी एक औषध मिळायचं: गोवा पावडर. ही पिवळसर भुकटी हवेत राहिली की काळपट व्हायची. १८६४ मध्ये मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे वैद्यकीय जगाचं लक्ष वेधलं. नाव गोव्याचं असल्याने ती तिथल्याच एखाद्या झाडाची असेल असं वाटणं साहजिक होतं. १८७५ मध्ये ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी उलगडा केला, की ही तर आमची अरारोबा! ब्राझीलच्या जंगलातल्या एका झाडाच्या खोडातल्या भेगांत ही भुकटी साचते. पोर्तुगिजांच्या व्यापारातून ती गोव्यात पोचली आणि तिथून गाव बदलून मुंबईत आली.

भुकटीत क्रायसोफॅनिक आम्ल आहे असं रसायनतज्ज्ञांना आधी वाटलं. पुढे कळलं, की तो त्याचाच जवळचा भाऊबंद, क्रायसारोबिन. गंमत अशी, की क्रायसोफॅनिक आम्ल टाकळ्याच्या बियांतही असतं. दोन खंडांतल्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच घराण्यातलं रसायन गजकर्णावर चोळलं. औषध गुणकारी होतं, पण त्रासही तेवढाच: कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची, कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे, आणि तो हात डोळ्याला लागला तर डोळा सुजायचा.

गजकर्ण बुरशीमुळे होतं, हे तोवर युरोपात ठाऊक झालं होतं. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ मध्ये डोक्याच्या अशाच एका रोगातली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. म्हणजे शत्रू सापडला होता, हत्यार मात्र ओबडधोबडच राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या आर्थर व्हिटफिल्ड यांनी बेंझोइक आणि सॅलिसिलिक आम्लांचं मलम रूढ केलं. बुरशी कातडीच्या मेलेल्या वरच्या थरात राहते. हे मलम तो थरच सोलून काढतं. चुरचुरतं, पण स्वस्त आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही एकेकाळी त्याला जागा होती.

खरा बदल १९६०च्या दशकाअखेर झाला. जर्मनीत बायर कंपनीचं क्लोट्रिमाझोल आणि बेल्जियममध्ये यान्सेनचं मायकोनाझोल जवळपास एकाच वेळी आलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा घटक लागतो. माणसाच्या पेशीत तो नसतो, तिथे कोलेस्टेरॉल असतं. ही औषधं एर्गोस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवतात, म्हणून बुरशी कोलमडते आणि कातडीला फारसा धक्का लागत नाही. १९९०च्या दशकात आलेलं टर्बिनाफिन हीच वाट आणखी आधीच्या टप्प्यावर अडवतं. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस चालू ठेवायचं, एवढं पथ्य. तेवढंच आपल्याकडून पाळलं जात नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याआधीच दुसरी एक धारा सुरू झाली होती. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे सूज-खाज दाबणारं स्टिरॉइड कातडीवर लावता येतं हे दिसलं, आणि त्याहून कितीतरी तीव्र स्टिरॉइड मलमं पाठोपाठ आली. स्टिरॉइडने लाली आणि खाज एक-दोन दिवसांत बसते. बुरशी मात्र मरत नाही. कातडीचा प्रतिकारच दबल्याने ती निवांत पसरते आणि चट्ट्याचं रूप असं बदलतं की ओळखू येत नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९६८ मध्येच त्याला 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण, असं नाव दिलं होतं.

भारतात हे दोन्ही एकाच ट्यूबमध्ये आलं: तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि वर एक प्रतिजैविक. गिऱ्हाइकाला खाज थांबलेली दिसते, मेडिकलवाल्यालाही समाधान. माझ्या मते खरा घोळ कायद्यातल्या एका ओळीने केला. चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या 'शेड्यूल एच' यादीत बाहेरून लावायच्या औषधांना सवलत होती, म्हणून स्टिरॉइडची ट्यूब बामच्या बाटलीसारखी हातोहात विकली गेली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइडांची ही सवलत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली. त्यांत अशी काही मलमंही होती.

तोवर बुरशीही बदलली होती. टर्बिनाफिन ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्याच्याच जनुकात बदल झालेले प्रकार भारतात ठिकठिकाणी सापडू लागले. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका नेपाळी आणि एका भारतीय रुग्णाच्या नमुन्यांवरून या बुरशीला स्वतंत्र नाव दिलं, 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण नोंदले गेले. ब्राझीलच्या भुकटीला गोव्याचं नाव मिळालं होतं. या बुरशीच्या नावात आपला देश आहे.