किती मुलं प्रोफिशियंट आहेत आणि मुलं किती पुढे गेली: चार्टर मिडल स्कूल बघताना होणारा एकच घोळ

"त्या चार्टरमध्ये मॅथ्सला फक्त ४३ टक्के मुलं प्रोफिशियंट आहेत, नको गं बाई, आपण टाउनच्याच शाळेत ठेवू." न्यू जर्सीत पाचवीतल्या मुलांच्या आया भेटल्या की हे वाक्य येतंच. मग दुसरी कोणीतरी म्हणते की अगं पण त्यांची ग्रोथ चांगली आहे, सहावीत गेल्या वर्षी ४० टक्के होते आता ५३ झाले. आणि मला दोघींनाही थांबवावंसं वाटतं, कारण पहिली जो आकडा बघतेय तो शाळेचा नाही, आणि दुसरी ज्याला ग्रोथ म्हणतेय ती ग्रोथ नाही.

चार्टर म्हणजे काय ते पटकन सांगून पुढे जाते: सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा. न्यू जर्सीत १९९५ च्या कायद्यापासून आहेत, फी नाही, पैसा सरकारी, जागा कमी पडल्या तर लॉटरी, आणि मुलं देतात ती राज्याचीच परीक्षा, म्हणजे एनजेएसएलए. प्रायव्हेट नाहीत, मॅग्नेट (एखाद्या खास विषयाच्या सरकारी शाळा) त्याही नाहीत. प्रोफिशियंट म्हणजे त्या इयत्तेला जेवढं यायला हवं तेवढं येणारं मूल: परीक्षेचं स्केल ६५० ते ८५०, पाच लेव्हल, ७५० किंवा वर गेलं की मूल त्या टक्केवारीत धरलं जातं. फक्त एक लक्षात ठेवा की ही ७५० ची रेघ प्रत्येक इयत्तेसाठी वेगळी आखलेली असते, म्हणजे सहावीत ७५० आणि सातवीत पुन्हा ७५० आले तर मूल जागच्या जागी नाहीये, एक वर्षाचा अभ्यास शिकून आलंय.

आता मुद्दा. प्रोफिशियन्सीची टक्केवारी सांगते मुलं आज कुठे उभी आहेत. ग्रोथ सांगते ती या वर्षात किती चालली. वाचायला सोपं वाटतं म्हणूनच इथे सगळे घसरतात.

आपण महाराष्ट्रातून येताना एक सवय बरोबर आणलीय, शाळेचा दहावीचा निकाल किती टक्के लागला ते विचारायची. शंभर टक्के लागला की शाळा भारी. त्यातली किती मुलं पाचवीतच हुशार म्हणून निवडून घेतली होती, कितींना नववीत दुसरीकडे जा म्हणून सांगितलं, हे कोणी विचारत नाही. इथे येऊनही आपण तेच करतो, फक्त निकालाच्या जागी प्रोफिशियंट हा शब्द आलाय.

समजा दोन शाळा आहेत. पहिलीत सहावीला येणारी मुलं सरासरी ७९० घेऊन येतात आणि आठवी संपवून ७८५ घेऊन बाहेर पडतात. दुसरीत ७१५ घेऊन येतात आणि ७४० घेऊन जातात. पहिलीत जवळपास सगळे प्रोफिशियंट, दुसरीत निम्मेसुद्धा नाहीत. पण तीन वर्षांत मुलांना रेघेच्या दिशेने वर कोणी सरकवलं? दुसरीने. पहिलीने जे आलं ते थोडं सांडून परत दिलं. टक्केवारीवर पहिली शाळा जिंकते, आणि ते जिंकणं त्या मुलांच्या घरात झालेलं असतं, आईबापांच्या डिग्र्यांत, कुमॉनसारख्या क्लासांत, पुस्तकांनी भरलेल्या कपाटांत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अभ्यासक शॉन रिअर्डन यांनी अख्ख्या अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टांचे (एकेका भागातल्या सरकारी शाळांच्या कारभाराचे) स्कोअर एकत्र करून हेच दाखवलंय, की सरासरी स्कोअर कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीशी घट्ट बांधलेला असतो आणि वर्षाकाठची वाढ तिच्याशी फारच सैल बांधलेली असते. शिकागोसारख्या गरीब मुलांच्या मोठ्या डिस्ट्रिक्टची वाढ देशाच्या सरासरीच्या वर निघाली तेव्हा पुष्कळांना धक्का बसला होता.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलांबाबत तर हा आकडा आणखीच निरुपयोगी आहे. जे मूल पाचवीत ८०० घेऊन येतंय ते कुठल्याही शाळेत गेलं तरी प्रोफिशियंटच राहणार. तुम्हाला कळायला हवंय की ही शाळा त्याला पुढे नेते की तीन वर्षं नुसतं बसवून ठेवते, आणि त्याबद्दल टक्केवारी एक अक्षर बोलत नाही.

न्यू जर्सीत वाढीसाठी जे माप आहे ते स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल, एसजीपी. राज्यभरातली अशी मुलं घ्यायची ज्यांचे मागच्या वर्षांचे स्कोअर तुमच्या मुलासारखे होते, आणि बघायचं की या वर्षी तुमचं मूल त्या जोडीदारांत कुठे बसलं. ७० आले तर साधारण ७० टक्के जोडीदारांपेक्षा पुढे. हे ७० टक्के मार्क नव्हेत!! शाळेसाठी सगळ्या मुलांच्या एसजीपीतला मधला आकडा घेतात, तो मीडियन. राज्याचा मधला साधारण ५० च असतो कारण मापच तसं बनवलंय, त्यामुळे "फक्त ५२?" असं म्हणून तोंड वाकडं करू नका.

याची मर्यादाही आहे आणि ती लपवायची गरज नाही. एसजीपी तुलनेचं माप आहे, ७१० वाल्या मुलाने ५० एसजीपी मिळवला तर तो आपल्यासारख्यांबरोबर चालला, रेघेपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून मला दोन्ही आकडे लागतात, पण शाळेला मार्क द्यायचे असतील तर मी वाढीवर देते.

आता ती दुसरी मैत्रीण, ४० चे ५३ झाले म्हणणारी. गेल्या वर्षीची सहावी आणि या वर्षीची सहावी ही वेगवेगळी मुलं आहेत! गेल्या वर्षीची मुलं आता सातवीत गेली. म्हणजे आपण एका वर्गाचं वजन करून ठेवलं, पुढच्या वर्षी दुसऱ्याच वर्गाला काट्यावर उभं केलं आणि म्हणालो की वजन वाढलं. याला काही जण ट्रेंड म्हणतात, काही जण सुधारणा म्हणतात, शाळाही आपल्या माहितीपत्रकावर छापतात, आणि मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण आईबाप त्यावर मुलाची तीन वर्षं ठरवतात.

आणि शाळा छोटी असली की हे फारच बिघडतं. सहावीत ४५ मुलं आहेत असं धरा. ४० टक्के म्हणजे १८ मुलं, ५३ टक्के म्हणजे २४. सहा मुलांचा फरक. एक मूल म्हणजे सव्वादोन टक्के, त्या दिवशी दोघांना ताप आला आणि एक हुशार मुलगी डॅलसला शिफ्ट झाली की टक्केवारी सहा-सातने हलते. ४५ मुलांच्या वर्गात शिक्षक तेच, पुस्तकं तीच असली तरी नुसत्या योगायोगाने वर्षावर्षाला दहा टक्क्यांची हालचाल सहज होते. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञांनी पेनसिल्व्हेनियाच्या १,६६२ शाळांवर हे दाखवलं होतं: सगळ्यात वरच्या ५० शाळांत सगळ्यात छोट्या ५० पैकी ६ होत्या, आणि सगळ्यात खालच्या ५० मध्ये ९. नुसत्या हिशोबाने दोन्हीकडे एखाद-दुसरीच यायला हवी होती. छोट्या शाळा दोन्ही टोकांना दिसतात कारण मुलं कमी आहेत. म्हणून छोट्या चार्टरचा एका वर्षाचा कुठलाच आकडा, मीडियन एसजीपीसुद्धा, मी एकटा धरत नाही, तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवते. (२०२० आणि २०२१ च्या वसंतात इथे एनजेएसएलए झालीच नाही, त्यामुळे त्या पट्ट्यातले वाढीचे आकडे शोधत बसू नका.)

बरं, तीच मुलं धरून सहावीपासून आठवीपर्यंत गेलं तरी एक फट राहते. सहावीत ४५, त्यात १८ प्रोफिशियंट, म्हणजे ४० टक्के. दोन वर्षांत ९ मुलं सोडून गेली, सगळी मागे पडलेली, आणि शाळेने त्यांच्या जागी कोणाला घेतलं नाही. आता ३६ मध्ये १८, म्हणजे ५० टक्के. एकाही मुलाने जास्तीचं काही शिकलेलं नाही आणि टक्केवारी दहाने वर!! म्हणून कुठल्याही चार्टरच्या रिपोर्टचं पान उघडलं की मी आधी इयत्तावार पट बघते, आठवी सहावीपेक्षा बरीच बारीक असेल तर ती मुलं कुठे गेली हे ओपन हाउसला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी, सरळ विचारते. एसजीपीत हा खेळ एवढा चालत नाही कारण तिथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्यासारख्याच सुरुवातीच्या मुलांशी होते.

आठवीच्या मॅथ्सबद्दल एकच सांगते कारण त्यावरून दर वर्षी कोणीतरी घाबरतं. न्यू जर्सीत आठवीतच अल्जिब्रा वन (हायस्कूलचा बीजगणिताचा पहिला कोर्स) घेणारी मुलं अल्जिब्राची परीक्षा देतात, आठवीची मॅथ्सची नाही. मग आठवीच्या मॅथ्सला उरतात ती बाकीची, आणि तो आकडा राज्यभर वाईटच दिसतो. शाळा जितकी जास्त मुलं अल्जिब्रात पाठवेल तितका तो आणखी वाईट दिसेल. आठवीच्या मॅथ्सची आणि अल्जिब्राची, दोन्ही ओळी एकत्र वाचा. गणिताचा एसजीपीही याच कारणाने सातवीपर्यंतच असतो.

आता डेमोग्राफिक्स, म्हणजे रिपोर्टमधला कुठल्या गटातली किती मुलं आहेत तो तक्ता. खरं सांगायचं तर आपल्याकडे लोक तो तक्ता उघडून फक्त "आशियन किती" बघतात आणि बंद करतात, आणि हे मला अजिबात आवडत नाही. एक तर त्या एका चौकोनात मराठी, गुजराती, चिनी, कंबोडियन, ह्मोंग सगळे कोंबलेले असतात, त्यातून काहीच कळत नाही. दुसरं म्हणजे तो तक्ता वाढीचा आकडा समजून घ्यायला आहे, शेजार निवडायला नाही. मी बघते ते इकॉनॉमिकली डिसअ‍ॅडव्हांटेज्ड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचं प्रमाण. ते बहुतेक शाळेतल्या फ्री आणि रिड्यूस्ड (सवलतीतल्या) लंचवरून काढतात, केंद्राच्या नियमात घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर फ्री आणि १८५ पर्यंत रिड्यूस्ड, म्हणजे अगदी गरीब घर आणि कसंबसं भागवणारं घर दोन्ही एकाच आकड्यात. त्यात काही शाळांत सगळ्याच मुलांना फुकट जेवण असतं, तिथे घरोघरचे फॉर्म भरून घ्यावे लागत नाहीत, म्हणून दोन शाळांच्या लंचच्या आकड्यांची तुलना जपून करावी.

इंग्लिश लर्नर्सचंही, म्हणजे इंग्लिश अजून शिकत असलेल्या मुलांचंही, तसंच. त्यांची प्रोफिशियन्सी जवळजवळ सगळीकडे कमी दिसते, आणि दिसणारच, कारण इंग्लिश नीट यायला लागलं की मूल आज ना उद्या त्या गटातून बाहेर काढलं जातं. शाळेने चांगलं काम केलं की तिची यशस्वी मुलं त्या ओळीतून गायबच होतात. त्या गटाचे स्कोअर बघण्यापेक्षा दर वर्षी किती मुलं गटातून बाहेर पडली ते विचारा. छोट्या शाळेत काही गटांच्या पुढे आकड्याऐवजी चांदणी (*) किंवा कोरी जागा असते, ती शाळेची लपवाछपवी नव्हे, गट इतका लहान असतो की आकडा छापला तर कुठलं मूल ते ओळखता येईल.

चार्टर चांगल्या की वाईट या भांडणात मला पडायचं नाही. स्टॅनफर्डच्याच क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राने २००९ मध्ये गणितात १७ टक्के चार्टर शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ४६ टक्के सारख्याच आणि ३७ टक्के मागे असं मांडलं होतं, आणि २०२३ मध्ये चार्टरची मुलं वर्षाला वाचनात १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे. दोन्ही वेळा त्यांनी मोजलं ते सारख्या मुलांची वाढ, टक्केवारी नाही. आणि देशाची सरासरी तुमच्या गावातल्या १३५ मुलांच्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही, तिच्यासाठी तिचाच रिपोर्ट उघडावा लागतो.

ती ४३ टक्केवाली शाळा मी मैत्रिणीबरोबर बसून परत बघितली. मीडियन एसजीपी तीन्ही वर्षं साठीच्या आसपास, आठवीचा पट सहावीएवढाच, निम्म्याहून जास्त मुलं लंचच्या यादीत. तिने लॉटरीचा फॉर्म भरला, आणि ओपन हाउसला विचारायला एक प्रश्न लिहून घेतलाय: आधीच पुढे असलेल्या मुलाला सातवीत काय शिकवता?